नाक दाबून जाणारे मारोतराव

पूर्ण्याला कॉलेजात नाव घातलं तेव्हा स्टेशनमागच्या गल्लीत मला एक पत्र्याची खोली मिळाली. खोली कसली, मालकाच्या घराला पाठ लावून उभा केलेला आडोसाच होता. त्यांच्या आणि माझ्यामध्ये एकच पत्रा. पहिल्याच दिवशी सकाळी त्या पत्र्यापलीकडून असा आवाज यायला लागला की मी अंथरुणात उठून बसलो. कुणीतरी नाकातून जोरजोरात हवा फेकत होतं. आधी सावकाश, मग भराभर, मग एकदम बंद. मी वाट पाहिली. तरी काही आवाज नाही. आमच्या घरी मेंढरं आहेत. मेंढरू असं भराभर श्वास टाकून एकदम गप झालं की त्याचं काय झालेलं असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी अनवाणीच पळत गेलो आणि पुढचं दार वाजवलं.

दार मालकीणबाईंनी उघडलं. त्यांच्या एका हातात राखुंडी होती आणि बोट तोंडात.

"मामी, आत कुणाला तरी कायतरी झालंय," मी म्हणालो.

त्यांनी बोट काढलं. "काय न्हाई झालं. तुमचे मामा टेन्शन घालवायलेत."

तेवढ्यात आतून असा आवाज आला की दाराची कडी हलली. "गया, दार कोणी उघडलं? माझा कुंभक मोडला की."

मारोतराव ड्रायव्हरांची आणि माझी ओळख झाली ती अशी. आतल्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून एक आडव्या अंगाचा, तांबूस डोळ्यांचा माणूस बसला होता. कोळशाच्या इंजिनावर वर्षानुवर्षं राहून चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त भाजली होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "श्वास घेता येतो का?"

"येतो," म्हणालो.

"कोणालाच येत न्हाई," ते म्हणाले. "बस इथं."

पुढची तीन वर्षं मी त्या सतरंजीच्या कडेला बसलो. त्यांच्याविषयी लिहावं असं खूप दिवस मनात होतं, पण मला तसं लिहायची सवय नाही. जे आठवतं ते सांगतो.

मारोतराव परभणी, पूर्णा, हिंगोली असल्या मार्गांवर पॅसेंजर गाडी चालवत. रेल्वेत ड्रायव्हरांची ठरावीक मुदतीने डॉक्टरी तपासणी होते. रेल्वेची माणसं तिला नुसतं मेडिकल म्हणतात. मी राहायला येण्याआधीच्या मेडिकलला त्यांचं ब्लडप्रेशर जास्त भरलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला लावलं, राग आवरायला सांगितलं आणि बजावलं की पुढच्या मेडिकलला असंच भरलं तर इंजिनावरून उतरावं लागेल. मग इंजिनांच्या शेडमध्ये नाहीतर ऑफिसात कुठंतरी बसवतील.

"बसवतील म्हंजे काय?" मारोतराव कुणालाही विचारत. "मी काय गणपती हाव?"

त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं. इंजिनावरून उतरलेला ड्रायव्हर म्हणजे काय, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांचा एक जुना जोडीदार नजर गेल्यामुळे ऑफिसात बसत होता आणि दिवसभर टेबलाच्या कडेला इंजिनाचा दांडा धरल्यासारखा हात ठेवून असायचा, असं ते सांगत. सांगताना स्वतःचा हातही तसाच करत.

त्याच सुमाराला परभणीहून एक योगशिक्षक पूर्ण्याला आले. शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी शिबिर घेतलं. मारोतराव पहिल्या रांगेत बसले आणि इतके प्रश्न विचारले की शेवटी त्या शांत माणसाचा आवाज चढला, असं मामी सांगायच्या. शिबिर संपलं, शिक्षक निघून गेले आणि मारोतराव उरले. आसनं, पूरक, रेचक, कुंभक हे सगळं त्यांनी घेतलं आणि आपल्या पद्धतीने बसवलं. त्यांची पद्धत इंजिनाची होती.

"माणूस म्हंजे इंजिनच हाय," ते म्हणत. "निस्ता धूर दिसत न्हाई. श्वास घेणं म्हंजे कोळसा टाकणं. ते कोणी बी करतंय. श्वास सोडणं तर गाढवाला बी येतं. खरं काम मधलं. धरून ठेवणं. वाफ धरली तर गाडी चालती."

म्हणून त्यांचा सगळा भर कुंभकावर. श्वास आत ओढून ते असे बसत की मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर येत, कान लाल होत आणि डोळ्यांतून पाणी यायचं. मग एकदम सगळं सोडून ते समाधानाने म्हणत, "बघ, किती शांत वाटतंय."

शांत वाटायचं, हे खरं. पण ती शांतता फार टिकत नसे. अंगणात कुणाची म्हैस शिरली, रेडिओत खरखर आली, चहात साखर कमी पडली, की गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज जायचा. मग त्यांना आठवायचं. ते तिथंच थांबत, एक नाकपुडी दाबत आणि म्हशीकडे बघत श्वास घेत.

"म्हैस गेली की हो," मामी म्हणायच्या. "आता कोणासाठी करायलाव?"

मामींचं बोलणं असं थंड असायचं. त्या स्वतः कधी सतरंजीवर बसल्या नाहीत. "मी बसले तर सैपाक कोण करंल? तुमचा कुंभक?" असं म्हणून त्या भाकरी थापायला घ्यायच्या. पण मीठ कमी करायला सांगितल्यापासून सगळ्या घरासाठी अळणीच करायच्या आणि स्वतःही तेच खायच्या. मारोतरावांनी एकदा त्यांना वेगळं मीठ घ्यायला सांगितलं. "मला बी प्रेशर हाय," त्या म्हणाल्या. "तुमचंच."

मारोतरावांना एकट्याने शांत होणं पसंत नव्हतं. सगळ्या गल्लीने शांत व्हावं असं त्यांना वाटे. गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा नळ होता. पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि हंडे-घागरींची रांग लागली की भांडण ठरलेलं. ड्युटी नसेल तेव्हा मारोतराव ओट्यावर उभे राहून बायकांना हुकूम सोडत, "आता सगळ्यांनी श्वास आत घ्या. धरा. भांडू नका, धरा म्हणतो ना."

पहिल्या दिवशी रांगेतल्या एका म्हातारीने घागर खाली ठेवली आणि त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. "डायवर साहेब, पाणी कवा येतं तेवढं बघा. हवा आमची आमी घेतो."

सगळी रांग हसली. त्या दिवशी नळावर भांडण झालं नाही. मारोतराव घरात येऊन मला म्हणाले, "बघितलंस? पहिल्याच दिवशी फरक."

इंजिनावर त्यांच्याबरोबर कोळसा टाकायला गौतम नावाचा फायरमन असे. हसतमुख, उंच पोरगा. तो आमच्या गल्लीतच राहत होता आणि मारोतरावांच्या गोष्टी त्यांच्यासमोरच सांगायचा. स्टेशनात जागा नसली की गाडी अलीकडच्या सिग्नलला थांबवून ठेवतात. पूर्वी अशा वेळी मारोतराव शिट्टीवर शिट्टी मारून स्टेशनमास्तरचा उद्धार करत. योग शिकल्यापासून ते सिग्नलकडे तोंड करून अनुलोम-विलोम करू लागले. पिंगळीच्या अलीकडे त्यांची गाडी नेहमीच अडकायची. गौतमचं म्हणणं असं, की एकदा सिग्नल पडला, म्हणजे वाट मोकळी झाली, तेव्हा मारोतरावांचा डाव्या नाकपुडीचा श्वास अर्ध्यावर होता. मग त्यांनी एका हाताने नाक तसंच धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढून गाडी सोडली. पुढे तशी सवयच पडली.

आता त्या सिग्नलच्या बाजूला पिंगळीच्या लोकांची वावरं आणि दोन-चार उकिरडे. वावरातली माणसं मान वर करून बघायची तर रोज हा ड्रायव्हर नाक दाबून त्यांच्या गावाकडे बघत चाललेला. एके दिवशी गाडी स्टेशनात थांबली तर गावातली चार जाणती माणसं फेटे बांधून इंजिनापाशी उभी.

"डायवर साहेब," त्यांच्यातले एक जण म्हणाले, "आमच्या गावाचा येवढा वास येतो का?"

"कसला वास?"

"दुसऱ्या गावांतून बी गाडी जाती. तिथं नाक दाबत न्हाई म्हणे तुमी. आमच्यातच काय हाय?"

मारोतरावांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग ते खाली उतरले आणि प्लॅटफॉर्मवर त्या चौघांना अनुलोम-विलोम करून दाखवला. शिट्टी होऊन गाडी निघेपर्यंत चौघंही नाक धरून उभे होते. त्यानंतर पिंगळीच्या शिवारातून गाडी जायची तेव्हा वावरातली पोरं, बायका, माणसं सगळी कामं थांबवून त्यांना नाक दाबून दाखवायची. मारोतरावांची खात्री होती की अख्खं गाव योगाला लागलं. गौतम म्हणायचा, "मामा, ते तुमची नक्कल करायलेत."

"नक्कल करताना बी श्वास आतच जातो ना?" मारोतराव विचारत.

आमचं गाव पिंगळीच्या शेजारीच. माझे वडील एकदा मला भेटायला पूर्ण्याला आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी दारातून मारोतरावांना पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "नाक दाबणारा डायवर तो ह्योच का?" दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र्यापलीकडचा आवाज त्यांनी लक्ष देऊन ऐकला. मग उठून मारोतरावांसमोर जाऊन बसले आणि त्यांच्या पोटाकडे बघत राहिले.

"कोवळं गवत जास्त खाल्लं का असं हुतं," ते म्हणाले. "पोट फुगतं. मेंढराला आमी गोडंतेल पाजतो आन् थोडं चालवतो."

मला जमिनीत जावंसं वाटलं. पण मारोतराव रागावले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "प्रेशरला चालतं का?"

"मेंढराचं प्रेशर कोणी बघितलंय?" वडील म्हणाले.

दोघांचं चांगलं जमलं. दुपारी वडील घोंगडीवर झोपले तेव्हा मारोतराव त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास बघत होते. "तुझ्या बापाला काय शिकवायची गरज न्हाई," ते मला म्हणाले. त्यात थोडा मत्सर असावा असं मला वाटलं.

माझ्या परीक्षेचंही सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजची परीक्षा देणारा मी पहिलाच, आणि पेपरच्या आदल्या दिवसापासून माझी जीभ कोरडी पडायची. माझ्यासारखी खेड्यातली आणखी तीन-चार पोरं होती. मारोतरावांनी आम्हाला अंगणात बसवून भ्रामरी शिकवली. कानात बोटं घालायची, डोळे मिटायचे आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज काढायचा. "पेपर हातात पडायच्या आधी करा," त्यांनी सांगितलं. "डोकं साफ होतं. मग काय लिहायचं ते लिहा."

आम्ही तसंच केलं. वर्गात वेगवेगळ्या बाकांवर बसलेली आम्ही चार पोरं कानात बोटं घालून हळू आवाजात गुणगुणू लागलो. नेमकं त्याच वेळी कॉपी पकडणारं भरारी पथक दारात आलं. त्या काळी आमच्याकडे कॉपीचे प्रकार इतके निघायचे की त्या लोकांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. पथकाचे प्रमुख दारातच थांबले.

"हा आवाज कसला?"

"भुंगा असंल, सर," आमचे पर्यवेक्षक म्हणाले.

"चार दिशांनी?"

आमची झडती झाली. खिसे, बाह्या, चपला. काही सापडेना तेव्हा तर त्यांचा संशय आणखी वाढला. लांब आवाज म्हणजे काय, आखूड आवाज म्हणजे काय, असं ते विचारू लागले. मी उभा राहून सांगितलं, "सर, हे ताण घालवायचं हाय." त्यांनी मला सगळ्यांसमोर ते करून दाखवायला लावलं. मी कानात बोटं घातली, डोळे मिटले आणि भर वर्गात एकटाच गुणगुणलो. डोळे उघडले तेव्हा वर्ग हसत होता आणि प्रमुख माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. जाता जाता त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे झोप यायला चालतं का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. मी त्यांना मारोतरावांचा पत्ता सांगितला.

घरी येऊन मी मारोतरावांना सगळं सांगितलं. पेपर कसा गेला ते त्यांनी विचारलं नाही. "आवाज नाकातून निघाला का घशातून?" एवढंच विचारलं.

मग मेडिकलचा दिवस आला.

तो महिना आधीच तापलेला होता. विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे, बंद, रेल रोको चालू होते. आमचं कॉलेज कधी भरायचं, कधी नाही. मेडिकलचे डॉक्टर बाहेरगावाहून गाडीने यायचे होते. मारोतराव सकाळीच गाडी आणून इंजिनावरून उतरले, अंघोळ केली, स्वच्छ पांढरा सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल माझ्यासंगं. तू उगं शेजारी बस. तुझा श्वास धनगराचा हाय, थंड."

दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळाने कंपाउंडरने येऊन सांगितलं की वाटेत रेल रोको झालाय, डॉक्टरांची गाडी अडकली, थांबावं लागेल. त्या रेल रोकोत रुळावर बसलेल्यांमध्ये आमचा गौतमही होता. तो सुट्टी टाकूनच गेला होता.

"त्यांचं बरोबर हाय," मारोतराव म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "निस्तं आज नको होतं."

थांबणं त्यांना सोसेना. त्यांनी अनुलोम-विलोम सुरू केला. मग भस्त्रिका सुरू केली, तेव्हा शेजारची बाई लेकरू उचलून दुसऱ्या टोकाला गेली. भ्रामरी काढली, तेव्हा कंपाउंडर बाहेर येऊन पंखा बघून गेला. मग कुंभक. एक झाला की दुसरा. माझ्या शेजारी बसून ते श्वास असा धरत होते जसं कुणी सुटू पाहणारं जनावर धरावं. मला वाटत होतं की सांगावं, मामा, थोडं राहू द्या. पण त्यांना मी काय सांगणार?

ऊन व्हरांड्यात आलं. रात्रभर इंजिनावर जागलेला माणूस. बाकाला पाठ टेकली आणि एका कुंभकाच्या मध्येच त्यांची मान कलली. तोंड उघडं पडलं. ते घोरायला लागले.

डॉक्टर आले तेव्हा दुपार कलली होती. हैदराबादकडचे, तरुण, बुटांवर धूळ. बराच रस्ता त्यांना दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीतून यावं लागलं होतं. मारोतरावांना पाहून ते थांबले आणि ओठांवर बोट ठेवून कंपाउंडरला म्हणाले, "सोने दो। इधरच लेते।"

कंपाउंडरने मारोतरावांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली. मारोतराव हलले नाहीत. रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, इंजिनांच्या शिट्ट्यांत झोपणारा माणूस तो. डॉक्टरांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि हसले. "एकदम ठीक।"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कंपाउंडरने मारोतरावांचा खांदा हलवला. ते उठता उठता म्हणाले, "कोणती गाडी?"

"गाडी न्हाई मामा," मी म्हणालो. "झालं तुमचं. पास झालात."

"कवा?"

"आत्ताच. तुमी झोपला होता तवा घेतलं प्रेशर."

मारोतरावांनी दंडाकडे बघितलं. पट्ट्याचा वळ अजून होता. मग माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो, तो थांबलो.

"साब," ते डॉक्टरांना म्हणाले, "ये नक्को. जागेमें लेव."

"अरे मारोतराव, घर जाव। मैं लिख देतौं।"

"लिखो नक्को, साब. मैं इंजिन नींदमें चलातौं क्या?"

डॉक्टर वैतागले असावेत, पण त्यांनी खुर्ची ओढली. "मारोतराव, अच्छा आया है। काय को बिगाडते?"

मारोतराव मराठीवर आले. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते मराठीतच बोलत. "माझ्यामागं डबे असतेत, साहेब. त्यातली माणसं झोपलेली असतेत. ती झोपतेत कारण त्यांना वाटतं पुढं एक जण जागा हाय. जागेपणीचं प्रेशर घ्या माझं."

आत खुर्चीवर ते ताठ बसले. कंपाउंडरने पट्टा बांधला. मारोतरावांनी डोळे मिटले आणि पत्र्यापलीकडून मी रोज ऐकायचो तसा श्वास पूर्ण आत ओढून धरला. मानेच्या शिरा वर आल्या. कान लाल झाले.

"साँस छोडो," डॉक्टर म्हणाले.

मारोतरावांनी एक बोट वर केलं. थांबा.

डॉक्टरांनी आकडा बघितला आणि पट्ट्यातली हवा सोडली. थोड्या वेळाने पुन्हा घेतलं. थोडं उतरलं होतं, पण पुरेसं नाही. तिसऱ्यांदाही तेच.

"मारोतराव," डॉक्टर पट्टा सोडत म्हणाले, "साँस क्या चोर है? पकड के काय को बैठते?"

"छोड दिया तो जाता ना, साब."

डॉक्टर बराच वेळ पेन हातात धरून होते. मग त्यांनी लिहिलं. मारोतरावांनी मान हलवली आणि नमस्कार केला. बाहेर आल्यावर त्यांनी मला फक्त एकच विचारलं, "मी घोरत होतो का?"

घरी मामींना सगळं मीच सांगितलं. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, विस्तव सारखा केला आणि म्हणाल्या, "झोपेत पास झालेला माणूस जागा होऊन नापास झाला. हे निस्तं आमच्याच घरात हुतं." मग मिठाचं बोळकं पुढे ओढून त्यांनी चिमूटभर मीठ पिठल्यात टाकलं. मारोतराव जेवताना म्हणाले, "आज बरं झालंय."

संध्याकाळी गल्ली समजूत घालायला आली. नळावरच्या बायका ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि ती म्हातारी म्हणाली, "डायवर साहेब, लांब श्वास घ्या. धरा." मारोतराव तिच्यावर असे ओरडले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकली. गौतमही आला होता. तो दारातच उभा राहिला.

"मामा, गाडी आमच्यामुळं अडकली."

"गाडी अडकली म्हणून तर मी झोपलो," मारोतराव म्हणाले. "झोपलो म्हणून पास झालो. तुझा काय संबंध नापास होण्यात? बस, चहा घे."

त्यांना शेडमध्ये नेमलं. नव्या फायरमन पोरांना शिकवायचं काम दिलं. पहिले काही दिवस सकाळी पत्र्यापलीकडून काहीच आवाज येत नव्हता. मला अभ्यासाला जाग येईना. मग एके सकाळी मामींचा आवाज ऐकू आला, "करा की तुमचं ते. मला जाग येत न्हाई, भाकरीला उशीर हुतो." मग पुन्हा भात्यासारखा श्वास सुरू झाला. मी उठलो आणि पुस्तक उघडलं.

बी.ए. झाल्यावर पुढे शिकायला मी औरंगाबादला जायला निघालो. मामींनी फडक्यात दशम्या बांधल्या, आणि मारोतराव मला पोचवायला स्टेशनवर आले. शिदोरी त्यांनीच हातात घेतली होती. गाडी लागली. तिच्या इंजिनावर ड्रायव्हर म्हणून गौतम होता. त्याला ड्रायव्हर होऊन फार दिवस झाले नव्हते. मारोतरावांनी मला डब्यात बसवलं. "जागा धर, आलोच," म्हणाले आणि इंजिनाकडे गेले.

मी खिडकीतून वाकून बघत होतो. गौतम वरून हात पुढे करून त्यांना चढायला सांगत होता. त्यांनी मान हलवली. वर चढले नाहीत. खालीच उभे राहून त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि चढायच्या दांडीवरचं तेल पुसलं. मग काहीतरी सांगू लागले. चाकाकडे बोट, मग वर धुराकडे बोट. गौतम ऐकत होता.

शिट्टी झाली. गाडी हलली. मारोतराव इंजिनाबरोबर चालू लागले, बोलतच. गाडीचा वेग वाढला तसे ते भराभर चालू लागले, मग जवळजवळ पळायला लागले. प्लॅटफॉर्म संपला तिथं ते थांबले आणि इंजिन पुढे निघून गेलं.

माझा डबा त्यांच्यासमोरून गेला. मी हाक मारली. त्यांनी ऐकली नाही. ते पुढे इंजिनाकडेच बघत उभे होते, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. पळून आलेल्या कुठल्याही माणसाला लागतो तसा दम त्यांना लागला होता. एका हातात तेलाचा रुमाल होता, आणि दुसऱ्या हातात माझी शिदोरी.